मांडी नेमकी कुठे थकते? घरगुती यंत्रावरच्या दहा आठवड्यांच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पोलीस भरतीची पोरं पहाटे पळतात आणि मी स्टॉपवॉच घेऊन कडेला उभा असतो. पेशाने मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा शिक्षक. १६०० मीटर म्हणजे चार फेऱ्या आणि त्याला २० गुण. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर जवळजवळ प्रत्येकाची चाल मोडते. "सर, पाय एकदम जड का होतात?" हा प्रश्न मला नऊ वर्षं विचारला जातोय आणि नऊ वर्षं मी एकच उत्तर देतोय: लॅक्टिक आम्ल साचतं.

आज ताईकडे जेवताना हेच बोललो. वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "भाऊजी, ते उत्तर जुनं झालं. स्नायूच्या पेशीत आकसायचा इशारा देणारं कॅल्शियम कमी सुटायला लागतं, फॉस्फेट साचतं. आम्ल त्या वेळी तिथे असतं म्हणून बदनाम झालं."

"हे पोरांना दाखवता येईल का?"

"पेशी नाही दाखवता येणार. पण ताकद किती पडली, किती वेळात परत आली आणि कशामुळे आली नाही, एवढं तर मोजता येईल?"

मोजणं हे माझं काम. म्हणून ही वही. कुणाला असंच काही उभं करायचं असेल तर माझ्या चुका आयत्या मिळाव्यात म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

९ नोव्हेंबर, शनिवार

सामान आलं: जोराचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा २० किलोचा पट्टीसारखा लोड सेल (२८० रुपये), त्याचे सूक्ष्म संकेत वाचणारी एचएक्स ७११ ची दोन छोटी बोर्डं (मिळून १८०), एक आर्डुइनो नॅनो, म्हणजे आकडे टिपणारा बोटभर संगणक-बोर्ड (३५०). दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये लोड सेल बसवला, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. झाली पकड मोजायची मूठ.

पहिल्याच दाबात लोड सेल गेला. माझी पकड २५ किलोच्या आसपास असेल असं मी मनाशी धरून चाललो होतो. पडद्यावर ३८ दिसलं आणि मूठ सोडल्यावर आकडा शून्यावर न येता साडेतीनवर अडकून बसला. पट्टी कायमची वाकली. धडधाकट पुरुषाची पकड ४० ते ५० किलो सहज असते, हे वहिनींना एक फोन केला असता तर कळलं असतं. १०० किलोचा एस आकाराचा लोड सेल मागवला, २१०० रुपये. महाग आहे, पण पुढे मांडीसाठी तोच चालेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

नवा लोड सेल आला. वजनं टांगून आकडे जुळवायला व्यायामशाळेतल्या तबकड्या आणल्या. आकडे काही सरळ रेषेत येईनात. वायरी तपासण्यात, पुन्हा डाग देण्यात दोन तास गेले. शेवटी गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडून शिक्का मारलेली मापं आणली आणि रेषा झटक्यात सरळ झाली. २० किलो लिहिलेली तबकडी प्रत्यक्षात १८.९ किलोची निघाली. तबकड्यांवर विश्वास ठेवू नका. वजनमापं खात्याची तपासणी झालेलीच मापं घ्या.

दुसरी अडचण वेगाची. हे हिरवं बोर्ड कारखान्यातून सेकंदाला फक्त १० वेळा मोजायच्या बेताने येतं. मूठ आवळल्याचा पहिला क्षण त्यात निसटतो. ८० वेळा मोजायचं तर चिपचा १५ क्रमांकाचा पाय बोर्डावरच्या 'ग्राउंड'च्या जोडणीपासून उचलून शेजारच्या १६ क्रमांकाला जोडावा लागतो. पहिल्या बोर्डावर घाई केली आणि पायच तुटला. दुसऱ्यावर आधी डाग नीट वितळू दिला, मग शिवणाच्या सुईने पाय हलकेच उचलला. जमलं. दोन बोर्डं घेतली होती म्हणून आठवडा वाचला.

१८ ते २३ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्यूटी. यंत्राला हात लागला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिले खरे आलेख. नियम असा: उजवी मूठ, कोपर काटकोनात, ६० सेकंद जीव तोडून आवळायचं, सुटू द्यायचं नाही. माझी ताकद ४१ किलोवरून सुरू झाली आणि साठाव्या सेकंदाला १७ वर आली. १९ वर्षांचा एक पोरगा ५२ वर सुरू झाला आणि १८ वर उतरला. चाळिशी ओलांडलेला मी आणि तो शेवटी जवळजवळ एकाच जागी पोहोचलो. तो आलेखाकडे कितीतरी वेळ बघत होता.

इटलीत तुरिनला आंजेलो मोसोने १८८० च्या दशकात बोटाने वजन ओढायचं यंत्र बनवलं आणि प्रत्येक माणसाच्या थकव्याची रेषा वेगळी असते हे दाखवलं. एका पोराची रेषा सुरुवातीला उभी कोसळते आणि मग सपाट होते, दुसऱ्याची तिरकी, संथ. एकाच माणसाची रेषा मात्र दुसऱ्या दिवशी बरीचशी तशीच येते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं वेगळंच.

पण आजचे निम्मे आलेख फेकावे लागले. बाकीची पोरं "दाब, दाब, अजून दाब!" ओरडत होती, आणि ओरडा झाला की आकडा तीन-चार किलोंनी वर जायचा. म्हणजे पडलेल्या ताकदीतला काही भाग मुठीतला नसून मेंदूकडून येणाऱ्या हुकमातला होता. पेशीचा थकवा मोजायचा तर हुकूम दर वेळी सारखा हवा. आता खोलीत एकच माणूस बोलणार, दर दहा सेकंदांनी, एकच वाक्य, एकाच आवाजात.

पहिल्या दिवशी केलेल्या पहिल्या तीन प्रयत्नांचे आकडेही धरू नका. मूठ कशी धरायची हे शरीर शिकत असतं, त्यामुळे तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा चांगला येतो आणि आपल्याला वाटतं थकवा नाहीच.

१ डिसेंबर, रविवार

आजचा प्रयोग फक्त माझ्यावर, डॉक्टर मित्र शेजारी बसून. त्याने आधी माझा रक्तदाब तपासला, नंतर होकार दिला. रक्तदाब, मधुमेह किंवा गुठळीचा इतिहास असेल त्याने याच्या वाटेला जाऊ नये आणि धडधाकट माणसानेही एकट्याने करू नये.

पहिली फेरी साधी. ६० सेकंद आवळलं, ४० वरून १७. मग आराम, आणि दर अर्ध्या मिनिटाला दोन सेकंदांचा एक दाब. अर्ध्या मिनिटाला २७, एका मिनिटाला ३१, तीन मिनिटांना ३५.

वीस मिनिटं बसलो. दुसऱ्या फेरीत आवळणं संपायच्या पाच सेकंद आधी मित्राने दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा २२० पर्यंत फुगवला. रक्त बंद. आता तीच विश्रांती, तेच दाब: १७, १६, १७, १६. दीड मिनिट झालं, दोन झाली, अडीच. आकडा तसूभर हलेना. हात पांढुरका पडला, मुंग्या आल्या. मी मनापासून जोर लावत होतो, मूठ ऐकत नव्हती. तीन मिनिटांनी हवा सोडली, हात लालबुंद झाला आणि अर्ध्या मिनिटात आकडा २६.

लंडनच्या मर्टनने १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर हेच केलं होतं. त्याने विजेचे धक्के देऊन मेंदू पूर्ण जोर लावतोय याचीही खातरी करून घेतली होती. माझ्याकडे ती सोय नाही. पण विश्रांती मिळूनही रक्ताशिवाय मूठ सुधारत नाही हे आता मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

रक्त काय आणतं? प्राणवायू. आत काय घडतं ते डॉक्टरने पेनाने वहीच्या कडेला काढून दिलं. स्नायूतंतू एटीपी या पेशीतल्या इंधनावर चालतो. साठा एवढासा की पूर्ण जोरात दोन-तीन सेकंद पुरेल. तो भरत राहतो क्रिएटिन फॉस्फेट. हे फॉस्फेट फोडून एटीपी परत बनतं आणि सुटं फॉस्फेट पेशीत साचत जातं. क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा बांधायचं काम तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जेची केंद्रं, करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. रक्त सुरू असेल तर साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं परत बांधून होतं. माझ्या पहिल्या फेरीत अर्ध्या मिनिटाला घसरलेल्या २३ किलोंपैकी १० परत आले होते. पट्टा बांधल्यावर काहीच नाही.

एटीपी संपतं म्हणून स्नायू थांबतो असं मी समजत होतो. संपत नाही. कितीही दमलात तरी बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. पुरतं संपलं तर स्नायू सैल पडणार नाही, ताठ होईल. मेल्यावर शरीर ताठरतं ते याच कारणाने. पेशी त्या टोकाला जायच्या आधीच काम कमी करते.

४ डिसेंबर, बुधवार

पहाटे सहाला खोलीत मोजलं, कडाक्याची थंडी. सुरुवातच ३५ ने. दुपारी ४१. यंत्राचं शून्यही थंडीत ३०० ग्रॅमने सरकलं होतं, पण सहा किलोंचा फरक त्यातून येणार नाही. गार स्नायू कमी ताकद देतो. आता आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मगच मोजणी.

यावरून वहिनींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आम्लामुळे स्नायूची ताकद घटते हे सुटे तंतू घेऊन प्रयोगशाळेत दाखवलेलं होतं खरं, पण ते प्रयोग तंतू गार ठेवून, दहा-पंधरा अंश सेल्सियसला केलेले. तापमान शरीराच्या जवळ नेलं तेव्हा आम्लाचा तोच परिणाम पुष्कळच कमी भरला. हे १९९० च्या दशकात पुढे आलं. गार मुठीच्या नादाने मी नऊ वर्षांच्या माझ्या उत्तराची एक चूक पाहिली.

८ डिसेंबर, रविवार

मांडीसाठी खुर्ची. वेल्डिंगवाल्या काकांनी जुन्या लोखंडी बाकाला मागे आडवी नळी मारून दिली, १४०० रुपये. घोट्याला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळीला लोड सेल, लोड सेल मागच्या नळीला. गुडघा काटकोनात ठेवून पाय पुढे ढकलायचा. पट्टे आणि हुक २२० रुपये.

सकाळी ५५ किलो, संध्याकाळी त्याच पोराचे ७१. आनंद झाला आणि मग शंका आली. मोबाइलवर चित्रण घेऊन पाहिलं तर संध्याकाळी तो ढुंगण उचलून पाठीने ढकलत होता. कमरेला गाडीचा जुना सीटबेल्ट बांधला, हात छातीवर घडी. तीन दिवसांत आकडे ५८ ते ६२ मध्ये स्थिरावले. आधी नळीही वाकत होती. काकांनी दोन तिरके आधार मारून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

आज ४०० मीटर आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रक्तातलं रूप. बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र एका ओळखीच्या प्रशिक्षकाने उसनं दिलं. २५ पट्ट्यांची डबी मात्र ४२०० रुपयांची. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि आज त्यातल्या सात पट्ट्या वाया गेल्या.

पहिली चूक: घामाची. पळून आल्यावर लगेच बोट टोचलं, पहिलाच थेंब घेतला. आकडा २१ च्या वर. दुसऱ्या हाताचा थेंब १०. घामातच लॅक्टेट भरपूर असतं. बोट पाण्याने धुऊन, कोरडं करून, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

दुसरी चूक: खुर्ची झाडाखाली, रेषेपासून साठ मीटरवर. पोरगा चालत आला, पट्टे बांधले, तोवर सत्तर सेकंद गेले. ताकद ६१ वरून ५० एवढीच पडलेली दिसली. जी गोष्ट अर्ध्या मिनिटात निम्मी भरून येते ती सत्तर सेकंदांनी मोजायला गेलो होतो. सकाळ फुकट गेली. एक पोरगा म्हणाला, "सर, खुर्ची ट्रॅकवरच आणू की." तेच करायचं.

२२ डिसेंबर, रविवार

खुर्ची रेषेच्या पुढे दोन मीटरवर. कमरेचा पट्टा आधीच गाठ मारून तयार, घोट्याचा पट्टा पळण्याआधीच पायात. पळून आलं की बसायचं, हुक अडकवायचा, ढकलायचं. बारा सेकंद. चौघे, सगळे १८ वर्षांवरचे, सगळ्यांना आधी सगळं समजावून. टोचायला डॉक्टर.

एकाचे आकडे देतो, बाकीच्या तिघांची चाल अशीच होती. पळण्याआधी ताकद ६२, लॅक्टेट १.६. रेषा ओलांडून बारा सेकंदांनी ताकद ४१. एका मिनिटाला ४९, लॅक्टेट ८.९. पाच मिनिटांना ताकद ५६, लॅक्टेट १२.७. पंधरा मिनिटांना ताकद ५८, लॅक्टेट ९.८.

मी हर्षाने ओरडलोच. ताकद चढतेय आणि लॅक्टेटही चढतंय! डॉक्टरने खांद्यावर हात ठेवला. "थांब. हे रक्तातलं आहे. रक्तात चढतंय याचा अर्थ स्नायूतून बाहेर पडतंय. स्नायूत ते उतरतच असणार."

बरोबर होतं त्याचं. एवढ्या आकड्यांवर लॅक्टेट निर्दोष ठरत नाही. पण वेगाकडे पाहिलं तर काहीतरी हाती लागतं. लॅक्टेट स्नायूतून निघून जायला कितीतरी मिनिटं लागतात. ताकदीचा मोठा हिस्सा पहिल्या एक-दोन मिनिटांत परत आला. तो वेग लॅक्टेटचा नाही, क्रिएटिन फॉस्फेट परत बांधलं जाण्याचा आणि सुटं फॉस्फेट उतरण्याचा आहे. हे सुटं फॉस्फेट दोन ठिकाणी नडतं. स्नायू आकसताना मायोसिन या प्रथिनाची जी हुकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून ओढतात त्यांची ओढ ते ढिली करतं. आणि पेशीतल्या कॅल्शियमच्या पिशवीत शिरून कॅल्शियमशी बांधलं जातं, मग दर आदेशाला सुटणारं कॅल्शियमच कमी पडतं.

लॅक्टिक आम्लाला दोषी ठरवायची परंपरा मोठी आहे. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी थकलेल्या बेडकाच्या स्नायूत ते मोजलं. १९२२ चं नोबेल हिल आणि मायरहोफ यांना स्नायूच्या उष्णतेवरच्या आणि लॅक्टिक आम्लावरच्या कामासाठी. मग १९३० मध्ये लुंड्सगार्डने आयोडोॲसिटेट नावाचं विष देऊन स्नायूत लॅक्टिक आम्ल बनणंच बंद केलं, तरी स्नायू आकसत राहिला, आणि थकलाही. पुढे २००१ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूसला नील्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदराचा स्नायू पोटॅशियमच्या जास्त प्रमाणात ठेवून दुबळा केला. मेहनतीत पोटॅशियम पेशीबाहेर साचतं, तसं. त्यात लॅक्टिक आम्ल घातलं तर ताकद सुधारली. ज्याला आपण चोर म्हणत होतो तो निदान त्या प्रयोगात घर सावरत होता.

संध्याकाळी पोरांना एकत्र बसवून सांगितलं की माझं नऊ वर्षांचं उत्तर चुकीचं होतं. हे सांगणं जड गेलं, पण सांगायलाच हवं होतं, कारण यातले काही उद्या दुसऱ्यांना शिकवतील. एकाने लगेच विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते?" तेही लॅक्टेट नाही. लॅक्टेट तासाभरात मूळपदावर येतं, दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी भरात येतं. ते सूक्ष्म इजांचं आणि त्यावरच्या सुजेचं.

२९ डिसेंबर, रविवार

पंधराव्या मिनिटाला ५८, म्हणजे ६२ पैकी चार किलो कमी. हे चार किलो कुठे गेले, हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. वहिनी म्हणाल्या, "पूर्ण जोर लावून तो थकवा दिसणारच नाही भाऊजी. कमी वारंवारतेवर बघा." त्यांच्या दवाखान्यातलं स्नायूला विजेचे स्पंद देणारं यंत्र त्या घेऊन आल्या. चालवलंही त्यांनीच.

रीत अशी. मांडीवर दोन चिकट पॅड. सेकंदाला ८० स्पंद, एक सेकंदभर, ताकद वाचायची. मग २० स्पंद, एक सेकंद. दोन्हींचं गुणोत्तर. मेंदूचा संबंध नाही, ओरडण्याचा नाही, जिद्दीचा नाही. स्पंद दुखतात, म्हणून पूर्ण जोराच्या पाव हिश्शाइतकीच ताकद निघेल एवढा प्रवाह ठेवला.

सकाळी मी आणि दोन पोरं अजिंक्यतारा किल्ल्यावर. डांबरी रस्त्याने चढायचं, उतारावर पळत यायचं, तीन वेळा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक मारतो, आणि हा थकवा त्यानेच सर्वांत जास्त येतो.

पहिला दिवस वाया. परत आल्यावर ८० ची ताकदही निम्मी दिसली. पॅड घामाने सरकले होते, जेल वाळलं होतं, आणि यंत्रावर वारंवारता बदलली की प्रवाह आपोआप खाली जातो हे आमच्या लक्षात उशिरा आलं. नवे पॅड घेतले, ३०० रुपये.

५ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा तोच प्रयोग. या वेळी पॅडच्या कडा मार्करने मांडीवर रेखल्या (तीन दिवस आंघोळीत पुसू दिल्या नाहीत), त्वचा पुसून कोरडी केली, प्रवाहाचा आकडा वहीत लिहून दर वेळी हाताने जुळवला.

माझं गुणोत्तर जाण्याआधी ०.७२. उतरल्यावर तासाभराने ८० ची ताकद आधीच्या ९२ टक्के, २० ची मात्र ६१ टक्के. गुणोत्तर ०.४८.

नोंद लिहितानाही मन भरून आलंय. पूर्ण जोर जवळजवळ परत आला आहे, तरी जिने चढताना पाय शिसाचे वाटताहेत. आणि ते वाटणं नुसतं वाटणं नाही, यंत्रावर दिसतंय.

कारण कॅल्शियम आणि ताकद यांचं नातं सरळ रेषेत नाही, एसच्या आकाराचं आहे. ८० स्पंदांना पेशीत कॅल्शियम भरपूर असतं, आपण त्या वळणाच्या वरच्या सपाटीवर असतो. तिथे कॅल्शियम थोडं कमी सुटलं तरी ताकद फारशी हलत नाही. २० स्पंदांना आपण मधल्या उभ्या चढावर असतो, तिथे तेवढीच तूट ताकद धाडकन पाडते. रोजच्या चालण्यात, चढण्यात मज्जातंतू स्नायूला देतात ते आदेश याच कमी वारंवारतेचे असतात. एडवर्ड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा थकवा १९७७ मध्ये माणसाच्या स्नायूंवर दाखवला. फॉस्फेट आणि क्रिएटिन फॉस्फेट तर केव्हाच जागेवर आलेलं असतं. तासन्‌तास उरतो तो कॅल्शियम सोडणाऱ्या यंत्रणेतला बिघाड.

६, ७ आणि ८ जानेवारी

रोज सकाळी सात वाजता मोजणी. ०.५५, ०.६४, ०.७०. दोन्ही पोरांचंही असंच, धाकट्याचं एक दिवस आधी भरून आलं. मांडी सर्वांत जास्त दुखली ती सात तारखेला, म्हणजे गुणोत्तर सुधारत असताना. दुखणं आणि दुबळेपणा एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत. "दुखायचं थांबलं की पळ" हा माझा जुना सल्लाही आता तपासायला हवा.

१२ जानेवारी, रविवार

खर्चाची बेरीज: बोर्डं १८०, नॅनो ३५०, वाकलेला लोड सेल २८०, चांगला लोड सेल २१००, खुर्ची १४००, पट्टे-हुक २२०, लॅक्टेटच्या पट्ट्या ४२००, पॅड ३००. एकूण ९०३०. लॅक्टेट वगळलं तर ४८३० मध्ये काम होतं, आणि माझं मत विचाराल तर वगळा. त्या पट्ट्यांनी मला जे सांगितलं त्याहून जास्त खुर्चीने आणि वहिनींच्या यंत्राने सांगितलं. हाताशी फिजिओथेरपिस्ट नसेल तर विजेच्या भागाला हात लावू नका, मूठ आणि खुर्चीवरच थांबा. तेवढ्यातही पुष्कळ दिसतं.

सरावात दोन बदल केले. चाचणीआधीच्या चार दिवसांत उतारावर पळणं बंद, किल्ला चढायचा आणि चालत उतरायचं. आणि ४०० च्या फेऱ्यांमधली विश्रांती आता मी अंदाजाने देत नाही. ताकद वाढवायची असेल त्या दिवशी तीन मिनिटं पूर्ण, फॉस्फेट उतरू द्यायचं. दम वाढवायचा असेल त्या दिवशी मुद्दाम एक मिनिट.

अजून जमलेलं नाही ते: मुलींचे आकडे. त्यांची चाचणी ८०० मीटरची, आणि खुर्चीचा घोट्याचा पट्टा त्यांना ढिला होतो. काकांना मंगळवारी छोटं बक्कल बसवायला सांगितलंय. चौघींनी नावं दिली आहेत, येत्या रविवारी सव्वासहाला ट्रॅकवर.